भैरवची पकड अर्धीच का राहते?

वाचकाचं पत्र:

काका, मी धायरीला राहतो. माझ्याकडे १३ महिन्यांचा बेल्जियन मॅलिनॉइस आहे, भैरव. गेले चार महिने दर रविवारी आम्ही काही जण एका मैदानावर बाइटवर्क करतो, म्हणजे कुत्र्याला चावून धरायला शिकवतो. भैरव स्लीव्ह, म्हणजे चावा झेलायची जाड बाही, दिसली की पट्टा तोडायला बघतो, पण धरतो मात्र पुढच्या दातांनी. धरल्यावर जागा बदलत राहतो, चघळतो, गुरगुरतो. हेल्परने, म्हणजे स्लीव्ह घालून समोर उभं राहणाऱ्या माणसाने, काठी उगारली की सोडून देतो आणि लांबून भुंकतो. मैदानावरचे म्हणतात, त्याला अजून चिडवायला हवं. एकाने तर सांगितलं, शनिवारी उपाशी ठेव, अंधाऱ्या खोलीत बांध, रविवारी बघ कसा चावतो. वडिलांना तो पानशेतकडच्या शेतावर राखणीला हवा आहे. मला हे खेळ म्हणून नीट शिकायचं आहे. काय करू?

उत्तर:

तुझं पत्र आलं त्याच रात्री उत्तर लिहायला बसलो, कारण त्यातलं ते उपाशी ठेवण्याचं वाक्य काही डोक्यातून जाईना. असलं काहीही करू नकोस. हा सल्ला मी तरुणपणापासून ऐकत आलोय. काही जण वर तिखट खायला घालायलाही सांगतात. कोंडून ठेवलेला, भुकेलेला कुत्रा बाहेर आला की जास्त उड्या मारतो, जास्त आवाज करतो, आणि बघणाऱ्यांना वाटतं की कडक झाला. आतून तो भेदरलेला असतो, आणि भेदरलेला कुत्रा तोंड भरून धरत नाही. म्हणजे जे दुखणं तू घेऊन आलास तेच वाढणार. शिवाय १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याप्रमाणे जनावराला पुरेसं अन्नपाणी न देणं हा गुन्हा आहे, आखूड साखळीने अवास्तव वेळ बांधून ठेवणं हाही गुन्हाच. त्या माणसाला हे स्पष्ट सांग आणि भैरवची दोरी त्याच्या हातात देऊ नकोस.

आता पकडीकडे येऊ. मोठ्या कुत्र्याच्या तोंडात ४२ दात असतात. पुढे १२ बारीक दात, त्यांच्या कडेला ४ सुळे, आणि मागे २६ दाढा. भैरव जे करतो त्यात फक्त पुढचे दात आणि सुळे काम करतात. घरात आजीला अडकित्त्याने सुपारी कातरताना पाहिलं असशील. सुपारी ती टोकाशी धरत नाही, सांध्याजवळ सरकवते, कारण जोर तिथं लागतो. जबड्याचं तसंच आहे. वस्तू ओठांच्या कोपऱ्यापर्यंत आत गेली की कुत्र्याला कमी श्रमात जास्त पकड मिळते आणि तो शांत राहू शकतो. टोकाशी धरलं की वस्तू निसटते, मग तो पुन्हा पकडतो, पुन्हा निसटते. तू ज्याला चघळणं म्हणतोस त्यातलं निम्मं हेच असतं.

उरलेलं निम्मं मनाचं, आणि माझ्या मते मोठं. नीट विचार कर, तोंड भरून धरायचं म्हणजे कुत्र्याला काय करावं लागतं? त्याचं तोंड, डोळे, मान, सगळं एका अनोळखी, ओरडणाऱ्या माणसाच्या अंगाशी न्यावं लागतं. तोंड भरलेलं असल्यामुळे नाकाने श्वास घ्यावा लागतो, भुंकता येत नाही, आणि पटकन सुटून मागेही सरता येत नाही. ज्याला खात्री असते तोच इतका जवळ जातो. ज्याला खात्री नसते तो टोकाने धरतो, म्हणजे निघायची वाट मोकळी ठेवतो. भैरवचं गुरगुरणं आणि काठीला सोडून देणं याच गोष्टी सांगतंय. त्याच्यात आवेश भरपूर आहे, विश्वास कमी पडतोय. आवेश आणखी वाढवलास तर तोंड आणखी चुळबुळेल.

हे मी पुस्तकी सांगत नाही. माझी एक डॉबरमन मादी होती. तिला मी दहाव्या महिन्यातच काठीसमोर उभं केलं, कारण मला स्पर्धेची घाई होती आणि ती दिसायला धीट होती. दोन-तीन रविवार तिने धरलं. मग ती स्लीव्हकडे न बघता हेल्परच्या दुसऱ्या हाताकडे बघायला लागली. धरायची, डोळा काठीवर, आणि काठी हलली की तोंड सैल. ते दुरुस्त करायला मला वर्षभर लागलं, आणि खरं सांगायचं तर पूर्ण दुरुस्त झालंच नाही. चूक सगळी माझी होती. भैरव १३ महिन्यांचाच आहे. त्याच्या बाबतीत अजून काही बिघडलेलं नाही, पण हा रस्ता आत्ता बदलायला हवा.

पहिलं काम पशुवैद्याकडे. तोंड नीट तपासून घे. एखादा दुधाचा सुळा पडायचा राहिलाय का, दाढ तडकली आहे का, हिरडी सुजली आहे का. पिल्लाचे दुधाचे २८ दात तिसऱ्या-चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहाव्या-सातव्या महिन्यापर्यंत पक्के दात येतात. त्या काळात कुणी त्याच्याशी जोरात ओढाओढ खेळलं असेल तर धरलं की दुखतं हे त्याच्या लक्षात राहिलेलं असू शकतं. दात दुखणाऱ्या कुत्र्याला कितीही शिकवलं तरी तो खोल धरणार नाही.

तोंड ठीक असेल तर घरी एक गोष्ट तपासून बघ. ओळखीच्या अंगणात, फक्त तू आणि तो, त्याच्या आवडीचा टग, म्हणजे ओढाओढीचं खेळणं. तिथं तो तोंड भरून धरतो का? धरत असेल तर त्याला येतं सगळं, मैदानावरच्या दडपणाने बिघडतंय. घरीही टोकानेच धरत असेल तर त्याला कुणी शिकवलेलंच नाही, किंवा नकळत उलटं शिकवलंय. दुसरी शक्यता मला जास्त वाटते, आणि ती कशी घडते ते सांगतो.

पुढच्या रविवारी कुत्र्याकडे न बघता हेल्परकडे बघ. तो स्लीव्ह नेमकी कधी सोडतो? बऱ्याच ठिकाणी कुत्र्याने धरलं की दोन झटके आणि लगेच स्लीव्ह सोडली, सगळे टाळ्या वाजवतात. म्हणजे टोकाने धरलं, स्लीव्ह मिळाली. कुत्रा हिशेबाला पक्का असतो, ज्याने मिळालं तेच पुन्हा करतो. दुसरं, स्लीव्ह त्याच्यापासून किती लांब धरली जाते ते बघ. दोरी ताणून कुत्रा शेवटच्या टोकाला उभा आहे आणि स्लीव्ह आणखी चार बोटं पुढे आहे, तर तो पुढच्या दातांनीच धरणार, त्याला मान तेवढीच आहे. हेल्परने अर्धं पाऊल पुढे यावं, एवढ्याने काही कुत्र्यांची पकड त्याच दिवशी बदललेली मी पाहिली आहे. तिसरं, झटके. कुत्र्याने धरलं की स्लीव्ह खसाखसा हलवायची, म्हणजे लढत दिसते. अनुभवी कुत्र्याला ते चालतं. शिकाऊ कुत्र्याच्या तोंडातून प्रत्येक झटक्याला वस्तू थोडी बाहेर येते.

म्हणून दीड-दोन महिने मैदान बंद ठेव आणि घरी काम कर. गुलटेकडीच्या मार्केट यार्डातून बटाट्याची रिकामी तागाची गोणी आण. प्लॅस्टिकची विणलेली नको, तिच्या धाग्यांत दात अडकतात. गरम पाण्यातून दोनदा धुऊन कडक उन्हात वाळव. मग घट्ट गुंडाळी कर, तुझ्या मनगटाएवढी जाड आणि हातभर लांब, आणि चपला शिवणाऱ्या कारागिराकडून ती शिवून दोन्ही टोकांना धरायला पट्टे लावून घे. फार बारीक गुंडाळी असेल तर चघळायला सोपी जाते, फार जाड असेल तर दाढांपर्यंत पोचत नाही. अशा दोन कर, दुसरी का ते पुढे सांगतो.

भैरवला छातीवर रुंद पट्टा असलेला हार्नेस घाल, गळ्यातल्या साखळीवर हे काम करायचं नाही. घरातल्या कुणाला तरी मागे दोरी धरायला सांग. गुंडाळी दोन्ही टोकांनी आडवी धर, त्याच्या छातीच्या उंचीवर, आणि त्याच्यासमोरून बाजूला सरकव, सावज पळतं तशी. तोंडावर ढकलू नकोस आणि उडी मारायला लागेल इतकी वरही धरू नकोस. कुत्रा हवेत धरतो तेव्हा मानेला आणि पाठीला हिसका बसतो, आणि भैरवची हाडं अजून पूर्ण पक्की झालेली नाहीत. त्याला मधोमध धरू दे.

आता खरी कला. पतंग उडवला असशीलच. मांजा हातात असताना सतत हलकी ओढ ठेवतो आपण, आणि मधूनच ढील देतो. इथं तेच करायचं. त्याने धरलं की झटका नाही, एकसारखी ओढ. तो मागे खेचेल, खेचू दे. मग अचानक चार बोटांची ढील दे. पुष्कळ कुत्री त्या क्षणी पुढे सरून आणखी आत धरतात, कारण वस्तू सैल झालेली त्यांना आवडत नाही. ते अर्ध्या बोटाचं का असेना, ते आत सरणं दिसलं की त्याच क्षणी तू हरायचं. एक पाऊल लडखड, खालच्या आवाजात ‘शाब्बास’ म्हण आणि गुंडाळी त्याला देऊन टाक. ढील मिळाल्यावर तो चघळायला लागला तर लगेच पुन्हा ओढ धर आणि थांब. काही बोलू नकोस, रागावू नकोस. पुन्हा ढील, पुन्हा बघ. सुरुवातीला दहा वेळा वाट बघावी लागेल. एकदा त्याला उमगलं की आत सरल्याने माणूस हरतो, की मग तो स्वतःच सरायला लागतो, ढीलीची वाटही बघत नाही.

तू चुकून टोकाच्या पकडीला गुंडाळी सोडलीस तर त्या दिवसाची मेहनत गेली असं समज. हात दुखला तरी चांगल्या पकडीची वाट बघ.

जिंकल्यानंतरचा अर्धा मिनिट लोक फुकट घालवतात, आणि चघळण्याची सवय बहुधा तिथंच लागते. कुत्रा वस्तू घेऊन बसतो, पंजाखाली दाबतो, फाडत राहतो. ते होऊ देऊ नकोस. दोरी हलकी वर ठेवून त्याला छोट्या गोलात चालव. गुंडाळी तोंडात, मान वर, जिंकल्यासारखा. मग तू खाली बस, त्याला अंगाशी घे आणि सपाट तळव्याने खांद्यापासून बरगड्यांपर्यंत सावकाश हात फिरव. थोपटू नकोस, थोपटल्याने तो उत्तेजित होतो. गुंडाळीकडे हात नेऊ नकोस, नाहीतर त्याला वाटेल हिसकावतोय. तोंड सैल पडायला लागलं तर गुंडाळीचा पट्टा बोटाने किंचित ओढ, तो आपणहून घट्ट करेल. तुझ्या अंगाशी, तुझ्या श्वासाजवळ शांतपणे धरून ठेवायला तो शिकला की भैरवचा निम्मा प्रश्न सुटला म्हणून समज. वीस-तीस सेकंदांनी दुसरी गुंडाळी काढ आणि तिच्यात जीव आण. पहिली तो सोडेल. सोडण्यासाठी गळा आवळायचा, कान पिळायचा, असलं काही आत्ता नको. वस्तू जाणार या धास्तीने धरणारा कुत्रा तोंडाने सतत चुळबुळ करतो. ‘आउट’, म्हणजे सोडण्याची आज्ञा, वेगळी, निवांत वेळी शिकव.

एका वेळी चार-पाच चावे, पाच मिनिटं, बस. त्याला आणखी हवं असताना थांब. आठवड्यातून तीन-चार दिवस पुरे. आणि वेळ सांभाळ. एप्रिल-मेमध्ये पुण्यात दुपारी पारा चाळिशीला टेकतो, आणि तुमचा रविवार सकाळी दहाला सुरू होत असेल तर तीही एक अडचण आहे. कुत्रा धापा टाकून अंग थंड करतो, त्यासाठी त्याला तोंड उघडं लागतं. तोंडात स्लीव्ह भरलेली आणि अंग तापलेलं, मग तो धरणार तरी कसा? कितीतरी ‘कमजोर’ म्हणून मोडीत काढलेली कुत्री मी सकाळी साडेसहाला बघितली आणि पकड ठीक निघाली. पावसाळ्यात उकाडा नसतो, पण चिखलात पाय घसरतो आणि पाय घसरला की कुत्रा तोंड सोडतो. मुरमाची, निचऱ्याची जागा बघ.

दहापैकी नऊ वेळा ओठांचा कोपरा गुंडाळीला टेकायला लागला की मगच मैदानावर जा. तिथं हेल्परशी आधी बोलून घे. पहिले काही आठवडे स्लीव्ह नको, चावायला पाचरीसारखी उतरती उशी असते ती वापरायची, तिच्या आकारामुळे तोंड आत सरकतं. भैरवला झाडाला बांधून काम करायचं असेल तर दोरीत सायकलची जुनी ट्यूब जोड, म्हणजे शेवटी हिसका बसत नाही. पण ट्यूब तुटली तर म्हणून दुसरी सरळ दोरी सैल बांधलेली हवीच. हेल्परने तिरकं उभं राहावं, डोळ्यांत रोखून बघू नये, हातात काठी नको, आरडाओरडा नको. घरी तू जे केलंस तेच त्याने करायचं: एकसारखी ओढ, ढील, आत सरला की हार. या टप्प्यात हेल्पर जितका हळवा वाटेल तितकं चांगलं.

दडपण त्यानंतर, आणि चमच्याने. भैरवने खोल धरलंय, ओढ आहे, तेव्हा हेल्परने रिकामा हात एक सेकंद त्याच्या वर न्यावा. त्याने धरून ठेवलं किंवा आणखी आत सरला, की हेल्पर लगेच खचला, हात खाली, स्लीव्ह भैरवची. दडपण आलं तर मी आत सरायचं आणि मग ते जातं, एवढंच त्याला कळायला हवं. मग हाताच्या जागी मऊ काठी नुसती हातात. मग काठी बरगड्यांवरून नुसती फिरवायची. मारल्याचा अभिनय फार नंतर. कुठल्याही पायरीवर पकड पुढे घसरली तर एक पायरी मागे या, त्याच दिवशी. याला सहा महिने लागले तरी मी ते झटपट झालं असंच म्हणेन.

तुला खेळ म्हणून करायचंय म्हणतोस, तर त्याची चौकट माहीत असू दे. जर्मनीच्या शुट्झहुंडमधून आलेल्या या खेळाला २०१९ पासून आयजीपी म्हणतात. माग काढणं, आज्ञापालन आणि संरक्षण असे तीन भाग, प्रत्येकी १०० गुण. संरक्षणात परीक्षक पकड भरलेली, घट्ट आणि शांत आहे का ते बघतो, आणि काठीच्या वेळी ती बदलते का तेही बघतो. पकडीतला काही भाग रक्तातूनही येतो, तो शिकवून येत नाही. एवढं सगळं करून भैरव दडपणाखाली नाहीच टिकला, तर त्याला माग काढायला घाल. मॅलिनॉइसला नाकाचं काम मनापासून आवडतं, आणि तू त्यात कमीपणा मानू नयेस.

वडिलांशी मात्र तुला बोलावं लागेल. चावायला शिकवलेला कुत्रा शेतावर एकटा सोडायचा नाही, हे त्यांना माझ्याकडून सांग. लष्कराचे कुत्रे मेरठला, सीमा सुरक्षा दलाचे टेकनपूरला शिकतात, तिथं महिनोन्‌महिने तालीम असते आणि पुढे कुत्र्यासोबत हँडलर असतो. शेतावर येणार कोण? मजूर, दूधवाला, शेजारचं पोर. कुणाला इजा झाली तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ प्रमाणे मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही होऊ शकतं. आणि त्या पोराचं काय, ते कुठल्या कलमात बसत नाही. राखणीला भुंकणारा कुत्रा पुरतो, चांगलं कुंपण त्याहून जास्त. तूही महापालिकेचा परवाना आणि रेबीजची लस वेळेवर कर, आणि सोसायटीच्या लिफ्टमध्ये, आवारात कुणीही गंमत म्हणून त्याला हात पुढे करून चिडवणार नाही याकडे लक्ष ठेव. स्लीव्हशिवाय चावा नाही, ही सवय पहिल्या दिवसापासून.

महिन्याभराने मला व्हिडिओ पाठव. समोरून काढू नकोस, भैरवच्या बाजूने, त्याच्या डोक्याच्या उंचीवर फोन धरून काढ. ओठाचा कोपरा, कान आणि शेपूट तिन्ही दिसायला हवीत, आणि ढील दिल्यानंतरचे पाच सेकंद कापू नकोस.